दप्तर कुणाच्या घरी?

गेल्या महिन्यात एका रविवारी भाच्याचा फोन आला. "मावशी, हा बग नंबर चौदा कुठे आहे?"

मला आधी टोटलच लागेना. मग हळूहळू उलगडा झाला. २००६च्या सुमारास मी आणि ऑफिसातल्या एका मित्राने मिळून एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. त्या काळात मराठी मजकूर बहुतेक जुन्या फाँटांमध्ये टाइप केलेला असायचा. आपल्या मशीनवर तोच फाँट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती भेळ. आमचा प्रोग्राम ती भेळ निवडून युनिकोडमध्ये आणायचा. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. अशा शंभर खोडी. आम्ही ते सगळं फुकट, मुक्त स्रोत म्हणून एका मोफत होस्टिंगवर ठेवलं होतं आणि अनोळखी लोक तिथे येऊन चुका कळवायचे. कोकणातले एक निवृत्त मास्तर तर 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' मधल्या 'ऱ्य'साठी आमच्या हात धुऊन मागे लागले होते. त्यांचं बरोबरच होतं म्हणा.

तर भाच्याला त्याच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने लेख युनिकोडमध्ये आणायचे होते. माळ्यावरच्या एका सीडीत त्याला आमचा कोड सापडला आणि त्यात एका विचित्र ओळीशेजारी ही टीप: ही ओळ काढू नये, कारणासाठी बग १४ पाहा.

बग १४ आता कुठेच नाही. ती होस्टिंग सेवा केव्हाच बंद पडली. बंद होण्याआधी त्यांनी मेल पाठवली असणार, पण ती ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता आम्ही दोघांनी उघडायचं कधीच सोडलं होतं. कोड सीडीवर होता म्हणून वाचला. चुकांची यादी, त्यावरची चर्चा, मास्तरांची पत्रं, सगळं गेलं.

"जाऊ दे," भाचा म्हणाला, "मी परत टाकतो गिटवर. गिट म्हणजे गिटहबच ना?"

यावर मी त्याला जे व्याख्यान दिलं ते पाऊण तास चाललं. बिचाऱ्याचा वरणभात गार झाला असणार. तेच व्याख्यान इथे जरा नीट मांडते आहे. सॉफ्टवेअरवाल्या मित्रांनी पुढचा एक परिच्छेद गाळला तरी चालेल, तो काकू-आत्यांसाठी आहे.

शेतजमिनीचा सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती तशी का आहे, म्हणजे कधी विकली, वाटणी कधी झाली, कुणाचं नाव कशाने कमी झालं, हे फेरफाराच्या नोंदवहीत असतं. प्रोग्रामचंही तसंच. आजचा कोड म्हणजे सातबारा. कुणी, कधी, कोणती ओळ, कशासाठी बदलली याची फेरफार वही ठेवणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. गिट हे त्यातलं एक. आणि ती वही ज्याच्या ओसरीवर ठेवायची तो होस्टिंगवाला. गिटहब ही एक ओसरी आहे, बरीच मोठी. पूर्वी गावाचं दप्तर कुलकर्ण्यांच्या वाड्यात असायचं. कुलकर्ण्यांशी सख्य आहे तोवर कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

या बाबतीत लिनक्सची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण त्या मंडळींनी दप्तर आधी ठेवलंच नाही, मग दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलं आणि शेवटी स्वतःचं केलं.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स हेलसिंकीत विद्यार्थी होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याने पहिला कोड फिनलंडमधल्या एका एफटीपी सर्व्हरवर ठेवायला दिला. त्याच्या मनात नाव होतं 'फ्रीक्स'. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते काही रुचलं नाही, त्यांनी फोल्डरला सरळ 'लिनक्स' नाव देऊन टाकलं. ज्या नावाने आज जग ओळखतं ते नाव होस्टिंग देणाऱ्या माणसाने ठेवलेलं आहे! बारशाला आत्याबाई हवी म्हणतात ती ही अशी.

पुढची दहा वर्षं या प्रकल्पाने व्हर्जन कंट्रोल वापरलं नाही. हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. जगभरातून लोक आपापले बदल, म्हणजे पॅच, मेलने पाठवायचे. लिनस ते वाचायचा, पटले तर आपल्या प्रतीत घालायचा आणि अधूनमधून सगळ्याचं गाठोडं बांधून नवी आवृत्ती सोडायचा. साधनं नव्हती असं अजिबात नाही. बेल लॅब्जमध्ये १९७२ साली एससीसीएस झालं, १९८०च्या दशकात आरसीएस आणि त्यावर उभं राहिलेलं सीव्हीएस आलं. सीव्हीएस फुकट होतं, मुक्त होतं आणि बाकीचे बहुतेक मुक्त प्रकल्प तेच वापरत होते.

लिनसला सीव्हीएसचा मनापासून तिटकारा. २००७ साली गूगलमध्ये दिलेल्या भाषणात त्याने तो अगदी यथेच्छ व्यक्त केला आहे. मी स्वतः सीव्हीएसवर काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला त्याचं म्हणणं कळतं. एका दुरुस्तीसाठी दहा फाइली बदलल्या तर सीव्हीएस त्या दहा सुट्या नोंदी म्हणून ठेवतं. मध्येच तार तुटली तर पाच फाइली नव्या, पाच जुन्या. फांद्या काढणं सोपं, जोडताना मात्र घाम फुटतो. आणि वही एकच, एकाच मशीनवर. मग त्या वहीत लिहायचा हक्क कुणाला, यावरून मानापमान. भाऊबंदकीत मुरलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण एकट्या माणसाने सगळे पॅच हाताने घालायचे तर किती? १९९८च्या शरद ऋतूत पॅच हरवायला लागले. लोक तेच तेच पुन्हा पाठवत होते, लिनस चिडला होता, सगळ्यांचीच जुंपली. तेव्हा लॅरी मॅक्व्हॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम राहिलेलं नाही, याला नवीन प्रकारचं साधन हवं. मॅक्व्हॉय पूर्वी सन कंपनीत याच प्रकारच्या साधनावर काम केलेले. त्यांनी कंपनी काढून बिटकीपर बनवलं. त्यात प्रत्येकाकडे पूर्ण वही आणि वह्या एकमेकींशी जुळवून घेता यायच्या. हवं होतं ते नेमकं हेच. फक्त ते मुक्त नव्हतं, मालकीचं होतं.

जानेवारी २००२ मध्ये पुन्हा तोच तंटा पेटला. आता नुसते पॅच सांभाळायला एक वेगळा माणूस नेमा, अशी जाहीर मागणी झाली. फेब्रुवारीत लिनसने बिटकीपर वापरायला सुरुवात केली.

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ते फुकट मिळणार होतं, पण अटींवर. तुमच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जाहीर लागणार. आणि लवकरच ठळक झालेली दुसरी अट अशी, की बिटकीपरशी स्पर्धा करणारं काही तुम्ही बनवत असाल तर फुकट परवाना तुम्हाला नाही. म्हणजे जो माणूस लिनक्सवर काम करतो आणि सबव्हर्जनवरही करतो, त्याने काय करायचं? वादाचा धुरळा उडाला. लिनक्सच्या कोडसोबत बिटकीपर कसं वापरावं याचं टिपण होतं, ते काढून टाका म्हणून एकाने पॅच पाठवला. रिचर्ड स्टॉलमन तर विरोधात होतेच. लिनसचं उत्तर सरळ होतं: मला सगळ्यात चांगलं हत्यार हवं, ते कुणाचं आहे याच्याशी मला कर्तव्य नाही.

खरं सांगते, त्या वेळी मी लिनसच्या बाजूची होते. तत्त्वाने कोड चालत नाही, असं आम्ही ऑफिसात चहा पिताना मोठ्या ऐटीत म्हणायचो. आणि बिटकीपरने काम खरोखर सोपं केलं होतं, हे विरोधकही नाकारत नव्हते. त्याचा एक नमुना तर कथेत शोभेल असा आहे.

ज्यांना बिटकीपर चालत नव्हतं त्यांच्यासाठी मॅक्व्हॉय यांच्या कंपनीने लिनक्सच्या वहीची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवली होती. नोव्हेंबर २००३ मध्ये त्या प्रतीत दोन ओळींचा एक बदल आढळला, ज्याची मूळ वहीत नोंदच नव्हती. बदल दिसायला अगदी गरीब. वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासणारी ओळ. पण सी भाषेत तपासायला बरोबरची दोन चिन्हं लागतात आणि तिथे एकच होतं. एक चिन्ह म्हणजे तपासणी नव्हे, थेट नेमणूक. शून्य क्रमांक म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा. ज्याला ही मेख माहीत असेल तो कुठल्याही लिनक्स मशीनचा मालक होऊ शकला असता. कुणीतरी सर्व्हरमध्ये शिरून ते घुसवलं होतं. मूळ वहीशी ताळा जमला नाही म्हणून ते पकडलं गेलं. मूळ वही बिटकीपरची. श्रेय द्यायलाच हवं.

मग २००५. साम्बा आणि आरसिंक लिहिणारा ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू ट्रिजेल बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकेल असा मुक्त प्रोग्राम लिहायला लागला. त्याने बिटकीपर कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे परवान्याच्या अटी त्याला लागू नव्हत्या. गंमत अशी की तेव्हा ट्रिजेल आणि लिनस दोघांनाही पगार एकच संस्था देत होती, ओएसडीएल. मॅक्व्हॉय यांच्या मते ही सरळ नक्कल होती. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी फुकट बिटकीपर बंद होत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात कॅनबेरातल्या एका परिषदेत ट्रिजेलने आपली 'उलटी अभियांत्रिकी' भर सभेत करून दाखवली: साध्या टेलनेटने सर्व्हरला जोडायचं आणि 'हेल्प' टाइप करायचं. सर्व्हर आपणहून सगळ्या आज्ञांची यादी देतो! सभागृहात काय हशा पिकला असेल.

लिनस मात्र ट्रिजेलवर रागावला होता. आज वाचताना मला तो राग चुकीच्या माणसावर काढलेला वाटतो. वाडा कुलकर्ण्यांचा, किल्ली कुलकर्ण्यांची, आणि दोष कुणाला, तर दाराची कडी वाजवणाऱ्याला. स्टॉलमन यांनी त्या महिन्यात एक लेख लिहिला, त्याचं शीर्षकच मुळी मॅक्व्हॉय यांचे आभार मानणारं होतं. टोमणा मारावा तर असा.

लिनसने काम थांबवून पर्याय पाहिले. मोनोटोन नावाच्या मुक्त प्रणालीतल्या कल्पना त्याला आवडल्या, पण ती फार हळू होती. लिनक्समध्ये एकेका वेळी अडीचशे पॅच घालावे लागायचे, आणि एका पॅचला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नयेत हा त्याचा हट्ट. ३ एप्रिलला त्याने स्वतःच लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटची पहिली नोंद खुद्द गिटमध्येच झाली, हजार-बाराशे ओळींचा कोड. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरून निघाली. जुलैत त्याने गिटचा कारभार जुनियो हमानो यांच्याकडे सोपवला. (याच भांडणातून त्याच एप्रिलमध्ये मॅट मॅकल यांनी मर्क्युरिअल सुरू केलं. एका घटस्फोटातून दोन घरं उभी राहिली.)

गिटमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी. प्रत्येक नोंदीतून गणिताने एक चाळीस अक्षरी ठसा निघतो आणि पुढच्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा असतो. मागे कुठे काना-मात्रा जरी बदलली तरी तिथपासून पुढचे सगळे ठसे बदलतात. आणि संपूर्ण वही प्रत्येकाच्या घरी. २००३ मधली ती चोरी सुदैवाने ताळा जमला नाही म्हणून सापडली. इथे ताळा प्रत्येकाकडे आपोआप होतो.

आता बग चौदाकडे येते. लिनक्सची आजची वही उघडून एखादी जुनी ओळ कुणी लिहिली हे शोधत मागे जा. कितीतरी ओळींपाशी तुम्ही १६ एप्रिल २००५ या तारखेवर येऊन धडकता. त्यामागे भिंत. लिनसने नवी वही कोऱ्या पानावर सुरू केली आणि पहिल्याच नोंदीत तसं लिहून ठेवलं: जुना इतिहास आपल्याकडे आहे, पण गिटमध्ये आणला तर ३.२ गिगाबाइट होतो, तेव्हा ते नंतर पाहू. पुढे थॉमस ग्लाइक्सनर यांनी बिटकीपरच्या काळातल्या नोंदी गिटमध्ये आणून ठेवल्या, पण त्या निराळ्या वहीत. त्याच्या आधीची दहा वर्षं तर नुसती गाठोडी आहेत. गाठोड्यात काय बदललं ते दिसतं, का बदललं ते कुणाच्या तरी जुन्या मेलमध्ये.

आणि ओसरीचं काय? लिनक्सची ओसरी म्हणजे केर्नल डॉट ऑर्ग, १९९७ पासून त्यांची स्वतःची. ऑगस्ट २०११ मध्ये तिथे घरफोडी झाली. चोरांनी सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळवला होता. मशीनं बंद करून नव्याने बसवायला कित्येक आठवडे गेले, ४४८ खातेदारांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. पण कोडबद्दल कुणी छाती बडवली नाही. जवळजवळ चाळीस हजार फाइली, प्रत्येकीचा ठसा हजारो लोकांच्या मशीनवर. लिनसने आपली प्रत उचलली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला गिटहबवर ठेवून पुढचं काम चालू केलं. बिटकीपर सुटल्यावर जे करायला सगळा एप्रिल गेला, ते इथे बिऱ्हाड हलवण्याइतकंही कठीण गेलं नाही.

भाचा इथे म्हणाला, "मग झालं की! गिट आहे म्हणजे बग १४ चा प्रश्न सुटला."

नाही ना सुटला. वही सगळ्यांच्या घरी गेली, पण चावडी? गिटहब २००८ साली उघडलं आणि लोकांनी तिथे कोडबरोबर चर्चाही नेली: चुकांच्या याद्या, सूचना, भांडणं. त्या गिटच्या वहीत नसतात, कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतात. गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. गिटोरियस २०१५ मध्ये संपलं. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअलच्या वह्या काढून टाकल्या. त्यांनी बजावून, मुदत देऊन केलं, पण आमच्यासारखे मेल न उघडणारे सगळीकडेच असतात. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलं. त्यात वाईट झालं असं मी म्हणणार नाही, पण वाड्याचे मालक बदलले हे खरं.

तरी लोक तिथेच जातात, कारण माणसं तिथे आहेत. पायथनवाल्यांनी २००९ मध्ये बऱ्याच चर्चेनंतर मर्क्युरिअल निवडलं, २०११ मध्ये त्यावर गेले आणि २०१७ मध्ये ते सोडून गिटहबवर आले. २०२२ मध्ये चुकांची यादीही तिकडेच नेली. ओस चावडी काय कामाची? मी त्यांना नावं ठेवणार नाही.

लिनक्सवाले अजून मेलवरच आहेत. २०१२ मध्ये लिनसने स्पष्टच सांगितलं की कोड ठेवायला गिटहब उत्तम, पण तिथल्या बटणाने पाठवलेले बदल मी घेणार नाही. मला तो निव्वळ म्हातारा हट्ट वाटला होता. मेलमध्ये पॅच चिकटवून पाठवणं नव्या माणसाला किती जाचक असतं हे मी भोगलेलं आहे. पण २०१८ मध्ये केर्नल डॉट ऑर्गने त्या सगळ्या पत्रव्यवहाराचा संग्रह 'लोर' नावाने उघडला, आणि तो संग्रह आतून गिटच्या वह्यांमध्येच ठेवलेला आहे. कोडसारखीच वादावादीचीही आख्खी प्रत कुणालाही घरी नेता येते. हे कळल्यावर मी माझं मत जरा मागे घेतलं.

(आणि बिटकीपर? मे २०१६ मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुलं केलं गेलं. तोवर त्याला विचारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.)

असो. भाच्याने शेवटी आमचा प्रोग्राम गिटहबवरच टाकला, मी काही बोलले नाही. एक मात्र त्याला करायला लावलं: कोडशेजारी 'चर्चा' नावाची साधी फाइल, आणि जी काही चूक कुणी कळवेल ती कारणासकट तीत लिहायची. पहिली नोंद मीच सांगितली, आठवणीतून, कोकणातल्या मास्तरांच्या 'ऱ्य'ची.

ती विचित्र ओळ म्हणाल तर एका ठरावीक चिन्हापुढे रिकामी जागा आली की ती खाऊन टाकते. मित्राला फोन केला, त्यालाही आठवेना. भाच्याने ती काढून बाबांचे तीन लेख चालवून पाहिले, काही फरक पडला नाही. मग दोघांनी विचार केला आणि ओळ परत घातली. टीप तशीच आहे, बग १४ पाहा.